ज्ञानमअक्काने सोडलेला लिलाव

आमच्या शेजारची ज्ञानमअक्का शिवणकाम करते, आणि तिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या तंजावरात नसेल. तिने शिवलेला ब्लाउज घट्ट झाला तर ती म्हणणार, तूच सुटलीस. आईचं शिलाई मशीन कोणी ठेवायचं यावरून धाकट्या बहिणीशी, किरुबाशी, तिचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं. दोघी एकाच चर्चमध्ये जायच्या, पण दोन टोकांना बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या चर्चपुढे मांडव घालून संजीवन सभा भरल्या. तमिळात त्याला एळुप्पुदल म्हणतात, म्हणजे झोपेतून उठवणं; लोक तिथे रडून आपल्या चुका कबूल करतात. अक्का रोज रडून सुजलेल्या डोळ्यांनी, पण हसत परतायची. शेवटच्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं की किरुबाशी मी चुकीचं वागले. दुसऱ्याच सकाळी मशीन रिक्षात घालून तिच्याकडे पाठवलं. किरुबाने ते तसंच परत पाठवलं. आम्ही पडलो देवळात जाणारे मराठी. असल्या रडारडीवर माझा विश्वास नव्हता. मांडव उतरला की हिचा तापही उतरेल, असं मी धरूनच चालले होते.

मग सुगीचा सण आला. त्या दिवशी प्रत्येक घर परसातलं, शेतातलं काही चर्चला वाहतं आणि अंगणात त्याचा लिलाव होतो. अक्का मलाही ओढून घेऊन गेली. एरवी किरुबाची वस्तू पुढे आली की ती तोंड फिरवायची. या वेळी किरुबाच्या भोपळ्यावर तिने खणखणीत बोली लावली. किरुबाला वाटलं, ही आपल्याला चारचौघांत खिजवतेय. तिने स्वतःच्याच भोपळ्यावर चढी बोली लावली. अक्काने आणखी चढवली. लोकांची हसून मुरकुंडी वळली, पण किरुबाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मला वाटलं, आता अक्का घर विकेल पण हरणार नाही. तेवढ्यात तिने बहिणीकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"तूच घे गं. मी हरले," ती म्हणाली.

किरुबाने पैसे मोजले आणि भोपळा कवटाळला. मग अक्काजवळ येऊन म्हणाली, "एवढा मला एकटीला कसा संपायचा? तुझ्याकडे चिरू या."

दुपारी अक्काच्या स्वयंपाकघरातून भांडण ऐकू आलं. सांबारात फोडी केवढ्या घालायच्या, यावरून जुंपली होती. मी भिंतीला कान लावला. मला इतका आनंद झाला की रडूच आलं. अक्का पुन्हा हरली होती आणि खदखदून हसत होती.