काकांनी सोडलेला भात

भात आवडणारी माणसं जगात ढिगानं असतील. पण भातापायी बायकोशी, डॉक्टरशी आणि स्वतःच्या पायाशी उभा दावा मांडणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमच्या मावशीचे यजमान, आमचे काका. राहणार शिराळ्याचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. फौजेत म्हणे आपल्या वाटणीच्या चपात्या ते पंजाबी जवानांना देत आणि त्यांच्या ताटातला भात आपल्याकडे ओढून घेत. "माझ्यामुळं पलटणीत एकी हुती," असं मिशीवर हात फिरवून सांगायचे. भाकरीला ते अन्नच मानत नसत. "भाकरी म्हंजी ड्यूटी, भात म्हंजी सुट्टी," हे त्यांचं तत्त्वज्ञान. सकाळी फोडणीचा भात, दुपारी आमटी-भात, रात्री ताक-भात, आणि मधल्या वेळेत भूक लागलीच तर पातेल्याच्या बुडाची खरपुडी. लग्नाला गेले की नवरा-नवरीकडे ढुंकून न बघता आधी आचाऱ्याला गाठायचे आणि तांदूळ नवा की जुना ते विचारायचे. नवा निघाला तर त्या सोयरिकीविषयी त्यांचं मत कायमचं वाईट व्हायचं. नागपंचमीला चुलीवर तवा चढत नाही, म्हणून सगळ्या सणांत शहाण्या माणसानं काढलेला सण तेवढाच, असं त्यांचं ठाम म्हणणं.

अशा माणसाला साखर निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी भात बंद सांगितला, तसे काका मान हलवून निमूट घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून इडली खाऊ लागले. मावशीनं हटकलं तर म्हणाले, डॉक्टरनं इडलीचं नाव काढलं न्हाई. मग पोहे झाले, पुलाव झाला, तांदळाची खीर झाली. मावशीनं तांदळाच्या डब्याला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली, तर हे गृहस्थ 'सहज' म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जेवणाच्या वेळेला जाऊन बसू लागले. फौजी माणूस दारात आल्यावर त्याला 'जेवता का' विचारायचं नाही, अशी आपल्याकडे कुणाची छाती आहे?

शेवटी मावशीनं त्यांना काशीला नेलं. काशीला गेलं की आवडीचा एक पदार्थ गंगेत सोडून यायचा आणि जन्मात पुन्हा तोंडात घालायचा नाही, ही आपली जुनी रीत. डॉक्टरचं नाही ऐकलं तरी गंगेचं ऐकतील, असा बिचारीचा हिशेब. तिनं स्वतः चहा सोडला. चहाशिवाय तिचं डोकं दुखायचं, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. काकांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावानं कारलं सोडलं. परत आल्यावर डॉक्टरांनी कारल्याचा रस घ्यायला सांगितला, तेव्हा हे हात जोडून म्हणाले, "घेतला असता ओ, पर गंगेला शब्द दिलाय." आम्ही पोट धरधरून हसलो. मावशी हसली नाही. ती उठून आत गेली.

हसायचे दिवस तिथंच संपले. उन्हाळ्यात शेतावर अनवाणी फिरताना पायाला फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. बघता बघता जखम काळी पडली आणि सांगलीला नेऊन बोट काढावं लागलं. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर पुढच्या वेळी पाऊल जाईल. शुद्धीवर आल्यावर काकांनी पहिलं काय मागितलं असेल, ते सांगायला नको. मावशी खाटेच्या कडेला बसून होती. तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आवं, माझं येवढं एक ऐका. मला दुसरं कायबी नगो." काकांनी तोंड भिंतीकडं केलं. मला त्यांचा असा राग आला म्हणता, की मी जिना उतरून खाली जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मावशी गेली. पायाचं दुखणं त्यांचं, आणि गेली ती. झोपेतच हृदय बंद पडलं. दहाव्याला आम्ही सगळे मोरणा नदीच्या काठी जमलो. भाताचा पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. झाडावर कावळे भरपूर, खाली एक उतरेना. रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन शब्द देऊ लागला. तिचा मुलगा म्हणाला, आई, आबांना मी सांभाळीन. मुलगी म्हणाली, भावाशी भांडणार नाही. मीही काहीतरी पुटपुटलो. ऊन चढलं, बायका रडायच्या थांबल्या, भटजी घड्याळ बघू लागले. तिच्या मनात काय राहिलं होतं ते आम्हां सगळ्यांना माहीत होतं. पण बोलायचं कुणी? अखेर काका काठी टेकत उठले, लंगडत पिंडापाशी गेले आणि त्या भाताकडं बघत राहिले.

"सोडला गं," ते म्हणाले. "भात सोडला. आता तरी शिव."

ते मागं सरकले आणि कावळा उतरला. मी असल्या गोष्टी मानत नाही. माणूस लांब झाला म्हणून पाखरू आलं असेल, इतकंच. पण काका तिथंच मातीत बसले आणि लहान पोरासारखे रडले.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. जखम भरली, साखर उतरली, डॉक्टर खूश आहेत. परवा मी शिराळ्याला गेलो, तर काकांनी सुनेला सांगून माझ्यासाठी मुद्दाम भात टाकायला लावला. जुना तांदूळ, घरभर वास सुटलेला. स्वतःच्या ताटात भाकरी. अंगानं निम्मे झालेत, बोलणंही कमी झालंय. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, काका, पाय वाचला बघा.

"वाचला," ते म्हणाले. "पर ती जिती असताना सोडला असता, तर तिला दिसलं असतं रं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ताकात बुडवला आणि मान खाली घालून चावत राहिले. भाकरी त्यांना अजूनही आवडत नाही.