सायलेन्सरचा नारळ

आमच्या गाडीचा सायलेन्सर सडून वर्ष उलटलं होतं, पण त्यानं घरात कुणाचं काही अडलं नव्हतं. ह्यांनी सडलेल्या जागी एक पत्रा गुंडाळला, वरून तार आवळली आणि हात झटकले. चालतंय ना, मग खर्चा कशाला, हे माझ्या नवऱ्याचं गाडीच्या बाबतीतलं धोरण. गाडीही एका रिटायर मास्तरांकडून घेतलेली जुनी, छोटी, पांढरी. म्हणजे कागदावर पांढरी. किल्ली फिरवली की दारात मळणीयंत्र लागल्यासारखा आवाज व्हायचा. आम्ही निघालो की अख्ख्या गल्लीला कळायचं, आणि कुंभार पिंपळगावच्या आमच्या गल्लीला एखादी गोष्ट कळली की ती गल्लीतच राहत नाही.

समोरच्या काकू तर कायम ओट्यावर. मांडीवर सूप, डोळे सुपात, कान आमच्या दाराला. निघणाऱ्या माणसाला ‘कुठं’ विचारू नये म्हणतात, काम होत नाही. म्हणून काकू विचारायच्या, “लांब का?” म्हणजे दोषही लागत नाही आणि उत्तरही मिळतं. मी ब्लाऊज शिवते. गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्या मशीनजवळ टेकून जातात, त्यामुळं लपवाछपवी मला कधी जमलेली नाही. तशी गरजही पडली नव्हती.

मग ती पडली. मला तिसऱ्यांदा दिवस गेले.

पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. हौस होती, अक्कल नव्हती. पुढं पोट पडलं आणि ज्यांना ज्यांना पेढे दिले होते त्या सगळ्या भेटायला आल्या. दुसऱ्या वेळी पेढे वाटले नाहीत, पण कळायचं तसं कळलंच, आणि पुन्हा तेच. कुणाच्या नणंदेचं असंच झालेलं, कुणाच्या माहितीत वैद्य, कुणाला बाहेरचं काही वाटलेलं. “तू मशीन लई चालवती, पायाचं मशीन पोटाला बाधतं.” “ग्रहणात भाजी चिरली होती का गं?” वाईट हेतूनं कुणीच बोललं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझं लेकरू गेलं होतं आणि मला एकटीला रडायला घरात जागा नव्हती. आलेल्यांना चहा करायचा, तोही मीच. दुसऱ्या वेळी काकू जाताना म्हणाल्या, “देवाच्या मनात असंल तर होईल.” मी त्यांच्या पाठीमागं दार लावून घेतलं, ते बरेच दिवस कुणाला उघडलं नाही.

म्हणून तिसऱ्या वेळी मी ह्यांना स्वयंपाकघरात उभं करून बजावलं, “सातवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं न्हाई. भोकरदनला तुमच्या आईला पण न्हाई.” सासूबाई थोरल्या दिरांकडं भोकरदनला असतात.

हे म्हणाले, “आईला पण न्हाई?”

मी म्हटलं, “देवाला पण न्हाई.”

पण डॉक्टरीणबाई जालन्याला. एसटीचे धक्के नकोत, गाडीनं या, असं त्यांनी सांगितलेलं, आणि गाडी ही अशी. पहिल्या खेपेला मी काकूंना सांगितलं, कापड आणायला चालले. पुढच्या खेपेला सांगितलं, अस्तर. “लई कापड आणून राह्यली गं,” काकू म्हणाल्या, “आणि पिशवी तर रिकामी दिसती.” मी पिशवी पदराआड धरली. वर गाडीत धूर. पत्र्याच्या फटीतून तो आत यायचा. घनसावंगीपर्यंत डोकं भणभणायचं आणि अंबडला गाडी थांबवून ओकारी. मला वाटायचं, दिवसांमुळं होतंय. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना समोर बसवून विचारलं, गाडीत धुराचा वास येतो का? हे म्हणाले, “थोडा येतो, काच खाली केली की जातो.” बाई म्हणाल्या, “ते आधी नीट करून घ्या. नाही तर हिला त्या गाडीत बसवू नका.” ह्यांचा चेहराच पडला. तोवर सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज, असंच आम्ही दोघं समजत होतो.

दवाखान्यातून आम्ही सरळ नवीन जालन्यात गेलो. स्टेशनच्या रस्त्यामागं एक दुकान आहे, दुकान आणि गॅरेज एकच. छताला दुधी भोपळे टांगावेत तसे सायलेन्सर टांगलेले. कंपनीचा माल मागवावा लागणार होता, आणि त्याची किंमत ऐकून हे गाडीकडं असे बघायला लागले, की जणू तेवढ्यात दुसरी गाडीच आली असती. मग दुकानदार चाचांनी लोकल माल काढला. “पत्र्याची चादर जरा पातळ हाय, पण बराबर बसतो. दोन-तीन पावसाळे बिलकुल टेन्शन न्हाई.”

“आणि आवाज?” ह्यांनी विचारलं.

“आवाज एकदम जबरदस्त,” चाचा खुशीत आले. “पोरं लांबून येतात ह्याच्यासाठी.”

मी खुर्चीवरून उठले. “आम्हाला आवाज बिलकुल नको. दारातून गाडी गेली तर समोरच्या घराला कळायला नको, असा द्या.”

चाचांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा ह्यांच्याकडं. त्यांच्या मनात काय आलं देव जाणे; पळून चाललेलं जोडपं तर आम्ही दिसत नव्हतो. त्यांनी दुसरा, जरा जाड डबा खाली उतरवला आणि लगेच भाव वाढवून सांगितला. भाजीवालीकडं कोथिंबीर फुकट मागणारा माझा नवरा घासाघीस करायला तोंड उघडणार, एवढ्यात मी नुसतं बघितलं. ह्यांनी पाकीट काढलं.

बराबर बसतो म्हटलेला सायलेन्सर बसला मात्र नाही. पाईप चार बोटं आखूड निघाला. मग तुकडा जोड, वेल्डिंग कर, ठोक, पुन्हा काढ, असं दुपार उलटेपर्यंत चाललं. चाचा दर वेळी म्हणायचे, “बस, झालंच.” मी कडुलिंबाच्या सावलीत लिंबूसोडा घेऊन बसले होते. हे, एरवी टायर पंक्चर झाला तरी न वाकणारे, पांढऱ्या शर्टानिशी गाडीखाली सरकले आणि एकेका जोडाजवळ हात धरून बघायला लागले, कुठून धूर लागतो का. चटका बसला तरी हात मागं घेईनात. चाचा म्हणाले, “आता काय हुंगून बघता का?” हे म्हणाले, “हो,” आणि खरंच नाक नेलं. मला हसू आलं आणि भरूनही आलं. दोन्ही वेळेला लेकरू गेलं तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यात मी टिपूस पाहिलं नव्हतं, आणि त्याचा माझ्या मनात राग होता. तो तिथं बराचसा गेला.

येताना गाडीत बोलायची पंचाईत झाली. इतके दिवस आम्ही गाडीत ओरडूनच बोलायचो. आता ओरडायची गरज राहिली नाही, तर बोलायचं काय तेच सुचेना. अंबडला हे पाण्याची बाटली आणायला म्हणून उतरले, पिशवी घेऊन परत आले. पुढं बऱ्याच वेळानं हळूच म्हणाले, “या वेळी राहील ना गं?”

मी म्हटलं, “पुढं बघून चालवा.” दुसरं काय सांगणार? मला तरी कुठं माहीत होतं.

गल्लीत शिरलो तर कुत्रंसुद्धा उठलं नाही. मी मनात म्हटलं, जिंकलं. पण हे घरात येईनात. मागच्या सीटवरची पिशवी उचलली आणि तिच्यातून काय निघालं, तर नारळ. मग हळदकुंकू आण म्हणाले. नवी वस्तू दारात आली की नारळ फुटतो, हे मला मान्य. ट्रॅक्टर, मोटारसायकल, अगदी फ्रिजलाही आमच्याकडं कुंकू लागतं. पण सायलेन्सर? जो गाडीच्या पोटाखाली असतो, ज्याला कुंकू लावायचं तर माणसाला गुडघ्यावर यावं लागतं? हे आले. पाईपला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि दगडावर नारळ असा हाणला की आवाज गल्लीभर. पोरंसोरं जमली, बायका जमल्या. “काय घेतलं?” “सायलेन्सर.” “सायलेन्सरचा नारळ?” मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

काकू ओट्यावरून उतरून आल्या. खोबऱ्याचा तुकडा घेतला, ह्यांच्या काळ्या झालेल्या शर्टाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता काकूंचं तोंड सुटणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पण त्या एवढंच म्हणाल्या, “बरं केलं. जपून चालवा,” आणि परत गेल्या.

घरात गेल्यावर मी ह्यांना सोडलं नाही. “कुणाला कळू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आणि तुम्ही दवंडी पिटून मोकळे झालात.” हे शर्टावरचा काळा डाग चोळायला लागले. शेवटी म्हणाले, “देवाला पण सांगायचं न्हाई म्हणली तू. मंग कशाचा तरी नारळ फोडायला पाहिजे होता ना.”

त्यानंतर मात्र आमचं जमून गेलं. गाडी मुकाट निघायची, मुकाट यायची. “लांब का?” कुणी विचारलं नाही. विचारणार कोण, काकूंचा ओटाच रिकामा असायचा. शिवायला येणाऱ्या बायका माप देऊन उभ्याउभ्या परत जायच्या. बस की म्हटलं तर, “स्वयंपाक पडलाय.” आधी मला बरं वाटलं, मग खुपायला लागलं. पाचव्यात पोट दिसायला लागलं. मी पदर सारखा करून वावरायचे, आणि एकीच्याही लक्षात येईना. कमाल झाली. माझ्या पिशवीत अस्तर नाही हे जिला समोरच्या ओट्यावरून दिसायचं, तिला एवढं पोट दिसत नाही? लपवायचंही मीच आणि कुणी बघत नाही म्हणून चिडायचंही मीच. मागं मी दार लावून घेतलं, त्याचा सगळ्यांनी राग धरलाय, असं माझ्या मनानं घेतलं. भीती तर होतीच. सकाळी जाग आली की आधी पोटावर हात जायचा, बाळ हललं की मग दिवस सुरू. पण ती भीती सांगायला कुणी उरलं नव्हतं. ह्यांना सांगावं तर ह्यांचाच चेहरा उतरायचा, आणि मग मलाच धीर द्यावा लागायचा.

मुलगी झाली, धडधाकट आहे, हे आत्ताच सांगून टाकते; कुणाला ताटकळत ठेवणं मला जमत नाही. पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते बाळंतपण नाही. सातवा लागला त्या दिवशीची दुपार राहिलीय.

त्या दुपारी डोहाळजेवणाचं आवतण द्यायला मी काकूंकडं गेले. बाहेर ओट्यावर लख्ख उजेड, आणि त्या आत माजघराच्या अंधारात गहू निवडत बसलेल्या. मी आवतण विसरले. उभ्यानंच विचारलं, “काकू, तुम्ही माझ्यावर रागावल्या का?”

“मी कशाला रागावू?”

“मंग बाहेर का बसत न्हाई? माझ्याकडं का येत न्हाई?”

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. “सायलेन्सरला कुणी नारळ फोडतं का गं?” त्या म्हणाल्या. “तवाच कळलं मला. तुझ्या नवऱ्याचं तोंडच सांगत होतं. मागच्या दोन्ही वेळेला आम्ही लई बोललो, बाई. तू दार लावून घेतलं, मंग समजलं. म्हणून या वेळी सगळ्याजणींना सांगून ठेवलं, तिच्या दारात बसायचं न्हाई, काही इचारायचं न्हाई. तिला वाटंल तवा ती सांगंल. आणि माझं तोंड तर तुला माहीत हाय. तू समोर दिसली असती तर मला राहवलं नसतं, म्हणून मी ओट्यावर बसणंच सोडलं.”

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. इतके महिने मी ह्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवली होती, आणि ही माझ्यासाठी अंधारात डोळे फोडून गहू निवडत होती.

“आता इचारू का?” काकू म्हणाल्या.

“इचारा.”

“कितवा?”

दवाखाना आणि आमचं घर सोडून हे मी कुठंच बोलले नव्हते. बोललं की ते जाईल, असं इतके महिने वाटत आलं होतं. “सातवा,” मी पुटपुटले.

“मोठ्यानं सांग की. कुणाची चोरी हाय का?”

“सातवा लागला, काकू,” मी मोठ्यानं सांगितलं, आणि मला रडूच फुटलं.

पलीकडच्या घरात भांडी घासायचा आवाज थांबला, आणि भिंतीआडून एक बाई म्हणाली, “माहीत हाय गं आम्हाला. रडू नको, लेकराला कळतं.”