बिनलायसनचे सात आठवडे

इंग्लंडहून आलेलं ते जाड पाकीट बाबांनीच उघडलं. आमच्या घरात येणारं सगळं टपाल तेच उघडायचे. सदतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढलेल्या माणसाला बोटाने फाडलेलं पाकीट बघवत नसे. भाजी चिरायच्या सुरीने ते कड सरळ कापायचे, आतला कागद काढायचे आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकायचे, मग ती पिझ्झाची जाहिरात असली तरी.

इथे न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला येण्यापूर्वी आम्ही चार वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथलं भाड्याचं घर पुढे माझ्या एका सहकाऱ्याने घेतलं. आमच्या नावाने येणारी पत्रं तो साठवायचा आणि वर्षातून एकदा गठ्ठा करून इकडे पाठवायचा. त्या गठ्ठ्यात दातांच्या डॉक्टरचं स्मरणपत्र होतं, बँकेचे दोन कागद होते आणि वर लाल पट्टी असलेलं एक सरकारी पत्र होतं. आपल्या टीव्ही लायसनची मुदत संपली आहे, फी तातडीने भरावी, न भरल्यास अधिकारी तपासणीसाठी घरी येऊ शकतात आणि प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. देश सोडताना लायसन बंद करायचं आम्ही विसरलो होतो, एवढंच.

बाबा ते पत्र घेऊन माझ्या टेबलापाशी आले. मी आठवड्यातले दोन दिवस ट्रेनने वेलिंग्टनच्या ऑफिसला जातो, उरलेले तीन दिवस घरून काम करतो. टेबल बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही. आई गेल्यानंतर बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, त्यांना येऊन तीन महिने झाले होते. सकाळी सातला ते मराठी बातम्या लावत आणि जेवणापर्यंत त्या चालू असत. एका चौकटीत सहा माणसं एकमेकांवर ओरडताहेत अशा बातम्या. बाबांना कमी ऐकू यायचं आणि कानातलं मशीन लावायला ते तयार नव्हते. त्याच सकाळी एका मीटिंगमध्ये क्लायंटने मला विचारलं होतं, तुझ्या घरात भांडण चाललंय का, पोलिसांना बोलवू का. सगळे हसले. मीही हसलो होतो.

"हे काय आहे?" बाबांनी विचारलं.

"इंग्लंडचं आहे. तिथे टीव्ही बघायला लायसन लागतं."

"अजून?" त्यांचा चेहरा उजळला. "आपल्याकडे केव्हाच बंद झालं. रेडिओची, टीव्हीची लायसनं आम्हीच द्यायचो. छोटं पुस्तक असायचं. त्यात तिकिटं चिकटवायची, शिक्का मारायचा. लोक चुकवायला बघायचे, पण मी घरी जाऊन आठवण करायचो." मग त्यांनी पत्र उलटंपालटं केलं आणि विचारलं, "इथे नाही लागत?"

न्यूझीलंडमध्ये असली फी पूर्वी होती, ती बंद होऊनही कित्येक वर्षं झाली. हे मला ठाऊक होतं.

"इथेही लागतं," मी म्हणालो.

"तू घेतलंयस ना?"

"नाही."

ते टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तीन महिने बघतोय."

"हो."

"मग आज भर की. चुकून राहिलं म्हणून सांग."

"आता भरायला गेलो तर आधीचं विचारतील. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. उगाच तुमच्या नावाने चौकशी नको."

व्हिसाचं मी का काढलं, मला अजून नीट सांगता येत नाही. तेवढ्याची गरज नव्हती. बाबांनी रिमोट उचलला, टीव्ही बंद केला, मग वाकून भिंतीतला प्लग काढला आणि वायर गुंडाळून टीव्हीच्या मागे ठेवली. एवढं वाकायला त्यांना त्रास व्हायचा. मी खुर्चीतून उठलो नाही. पुढची मीटिंग होती आणि ती छान झाली.

आमच्या लहानपणी बाबांनी टीव्ही घेतला तो लाकडी कपाटाचा होता, सरकणाऱ्या शटरचा, कुलूप लावता येणारा. मी दहावीत गेलो तसं त्यांनी कुलूप घातलं. स्वतःला सातच्या बातम्या बघायच्या असल्या की ते शटर उघडत. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत आई आणि स्वयंपाक. म्हणून मला त्यांनी त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं होतं, पुस्तक घेऊन. मान वळली तर पाठीत पट्टी. वर्षभर मी बातम्या पाठीने ऐकल्या. बाबांनी वायर गुंडाळली तेव्हा मला ते आठवलं. आधी नाही, नंतर आठवलं. म्हणजे मी सूड घेतला असं म्हणायचीही सोय नाही. मला शांतता हवी होती आणि ती फुकटात मिळाली.

माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. पाचला ती घरी आली आणि म्हणाली, "बाबांना बरं नाही का? घर एवढं गप्प कसं?" मी तिला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

"आजच सांग त्यांना खरं."

"सांगतो. दोन दिवस जाऊ दे."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. पुढच्या आठवड्यात एकदा. मग विचारेनाशी झाली. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यावर तिलाही ते गप्प घर बरं वाटत होतं. हे तिनेच नंतर कबूल केलं.

आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेतून आली की ती आणि बाबा लहान मुलांच्या गाण्यांची एक स्पर्धा बघायचे. ती इंग्रजीतून टिंगल करायची, ते मराठीतून उत्तर द्यायचे, आणि दोघांचं मस्त जमायचं. टीव्ही बंद झाल्यावर ती आपला टॅब घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली. बाबांनी मला हाक मारून विचारलं, "यालाही लागतं का रे?"

"सगळ्याच पडद्यांना लागतं," मी म्हणालो. टॅबचा आवाजही मला नको होता.

तेव्हापासून तिने टॅब उघडला की बाबा उठून मागच्या अंगणात जायचे. जून म्हणजे इथला हिवाळा, वर वेलिंग्टनकडून येणारा वारा. कानटोपी आणि शाल घालून ते कपड्यांच्या दोरीखाली उभे राहायचे, कार्यक्रम संपेपर्यंत. चौथ्या-पाचव्या दिवशी मुलगी मला म्हणाली, "आबा डझन्ट लाइक मी एनीमोर." मी तिला सांगितलं की आबा म्हातारे झालेत, त्यांना मोकळी हवा लागते.

दार कोणी वाजवलं की बाबा लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, जाऊन उभे राहू लागले. कुरियरवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, शाळेच्या मदतीसाठी चॉकलेटं विकणारी मुलं असोत. मी घरी असलो तर दार मी उघडायचो. माणूस गेला की लाँड्रीचं दार थोडं उघडायचं आणि आतून ते विचारायचे, "कोण होतं?" मी म्हणायचो, "कोणी नाही." खरं तर तिथेच सांगता आलं असतं, एका वाक्यात.

एका संध्याकाळी मी ऑफिसहून आलो तेव्हा किल्ली विसरलो होतो. बायको मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली होती. मी दार वाजवलं. आत चपलांचा आवाज झाला, घाईचा, आणि स्वयंपाकघरातला दिवा गेला. 'बाबा, मी आहे' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. मी तसाच उभा राहिलो आणि आत जराही आवाज होत नाहीये हे ऐकत राहिलो. मग मूठ आवळून पुन्हा ठोकलं, जोरात, तीनदा, एखादा अधिकारी ठोकेल तसं. मला बरं वाटत होतं. दोन-तीन मिनिटांनी बोटं गारठायला लागली तेव्हा मी वळसा घालून मागच्या दाराशी गेलो आणि हाक मारली. बाबा लाँड्रीतून बाहेर आले. हातात एक टॉवेल होता.

"कपडे काढत होतो मशीनमधून," ते म्हणाले. मशीनमध्ये कपडे नव्हते.

शेजारी एक पाकेहा, म्हणजे इथला गोरा, म्हातारा एकटाच राहायचा, बाबांच्याच वयाचा. शनिवारी दुपारी कुंपणावरून त्याने बाबांना रग्बी बघायला बोलावलं. मी तिथेच गवत कापत होतो. बाबांनी त्याला त्यांच्या पोस्टातल्या इंग्रजीत विचारलं, "यू हॅव लायसन्स?"

त्याला वाटलं गाडीचं विचारतायत. "साठ वर्षं झाली," तो म्हणाला. "एकदाही दंड नाही."

बाबांनी समाधानाने मान हलवली आणि ते गेले. मी गवत कापत राहिलो. पुढचे तीन शनिवार ते जात राहिले. रग्बीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पडदा होता, आवाज होता आणि शेजारी कोणीतरी बसलेलं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी ते लवकर परत आले आणि सरळ त्यांच्या खोलीत गेले. सोमवारी जेवताना त्यांनी मला विचारलं, "लायसनचा फॉर्म कुठे मिळतो इथे?"

"पोस्टात मिळत असेल."

"मिळत असेल की मिळतो?"

"मिळतो."

"आणि फी?"

मी एक आकडा सांगितला. त्यांनी पेन्सिल मागितली आणि वर्तमानपत्राच्या कडेला तो लिहिला. "वर्षाची की सहा महिन्यांची?" वर्षाची, मी म्हणालो. "घरटी की माणशी?" घरटी. "आमच्याकडे दर सेटमागे होतं," ते म्हणाले. बायको ताटाकडे बघून जेवत होती. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. ते शांतपणे विचारत होते आणि मी एकेका प्रश्नाला एकेक खोटं उत्तर देत होतो. मला वाटलं, म्हातारा किती भोळा आहे.

गुरुवारी शेजाऱ्याने मला कचऱ्याच्या डब्यापाशी गाठलं. म्हणाला, "तुझ्या वडिलांनी शनिवारी मला टीव्हीचं लायसन दाखव म्हणून सांगितलं. इथला कागद कसा असतो ते त्यांना बघायचं होतं. मी त्यांना म्हटलं, ते तर कधीचंच गेलं, माझी मुलं घरात होती तेव्हाची गोष्ट. त्यांना कोणी सांगितलं असेल रे, अजून लागतं म्हणून?"

मी आमच्या डब्याचं झाकण लावलं. तो माझ्याकडे बघत होता. मग "राइट," एवढंच म्हणून डबा ओढत आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

म्हणजे सोमवारी बाबांना सगळं माहीत होतं. मी भराभर आत गेलो. ते खिडकीशी बसले होते. मी वायर सोडवली, प्लग लावला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला.

"लायसन आलं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, इथे लायसन लागत नाही."

"बरं." त्यांनी रिमोट खुर्चीच्या हातावर ठेवला. "माझं तिकीट अलीकडचं काढ. या महिन्यातलं मिळालं तर बघ."

मी चुकलो म्हणालो. कामाचा ताण सांगितला, मीटिंगमधलं क्लायंटचं बोलणं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काउंटरपलीकडच्या माणसाचं ऐकावं तसं, आणि शेवटी म्हणाले, "खिडकीकडची सीट नको. मला सारखं उठावं लागतं."

जायच्या दिवसापर्यंत त्यांनी टीव्ही लावला नाही. मी स्वतः एकदा बातम्या लावून दिल्या, तर ते उठून अंगणात गेले. मुलीबरोबर मात्र ते पुन्हा बसू लागले. ती टॅब उघडायची आणि ते शेवटपर्यंत बघायचे, तिच्याशी बोलायचे, हसायचेही. मी खोलीत आलो की हसणं थांबायचं.

विमानतळावर बायको आणि मुलगी कॉफीच्या रांगेत होत्या. आम्ही दोघंच बाकावर. मी पुन्हा माफी मागितली.

"खोटं बोललास त्याचं काही नाही," ते म्हणाले. "मीही पोरांशी खोटं बोललोय. लाँड्रीच्या खिडकीच्या पडद्याखाली फट आहे. तिथून पुढच्या पायऱ्या दिसतात. त्या दिवशी तू ठोकत होतास तेव्हा मला तुझे बूट दिसत होते."

मी विचारलं, "मग दार का नाही उघडलंत?"

"म्हटलं बघू, हाक कधी मारतोय."

तेवढ्यात त्या दोघी आल्या. बाबांनी कॉफी घेतली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, बायकोला तब्येतीला जप म्हणाले. माझ्याकडून त्यांनी पिशवी घेतली आणि तपासणीच्या रांगेत शिरले.

आता ते मिरजेत माझ्या बहिणीच्या घराजवळ राहतात. तिला त्यांनी यातलं काही सांगितलेलं नाही. थंडी सोसली नाही म्हणून लवकर आलो, असं सांगितलंय. दर रविवारी ते माझ्या मुलीशी अर्धा तास बोलतात. ती त्यांच्याशी आता थोडं मराठी बोलते, मोडकंतोडकं. फोन माझ्याकडे आला की ते हवा कशी आहे विचारतात आणि ठेवतात.

यंदा त्यांच्या तीन वर्षांच्या व्हिसाची मुदत संपत आली, तेव्हा बायको म्हणाली, त्यांना बोलावून घे, या वयात ते नवा व्हिसा काढणार नाहीत, हे शेवटचंच ठरेल. मी फोन केला. या म्हणालो. ते म्हणाले, "नको." मी आग्रह केला नाही. करायला हवा होता, आणि कदाचित ते त्याचीच वाट बघत होते. पण फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं, आणि मी कामाला बसलो.