राखणदाराच्या पाठीवरची साखळी

सोसायटीतल्या शिबिरात साप ओळखायला शिकलो आणि लगेच पोलादपूरजवळ राहणाऱ्या सुमनताईकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे निघालो. विद्या ताजी असली की माणसाला स्वस्थ बसवत नाही.

दासगावला एसटी पंक्चर झाली. आम्ही खाली उतरलो, तर शेताच्या पाण्यातून एक साप वर आला. पिवळसर अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या चौकटी. मी मोठ्यानं जाहीर केलं, साप आहे, पण दिवड, बिनविषारी. ‘साप’च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. सगळे गाडीत चढले आणि ड्रायव्हरला चाक बदलू लागायला मी एकटा उरलो. पँटला लागलेलं ग्रीस अजून निघालेलं नाही.

महाडच्या स्टँडवर चहा घेताना शेजारच्या गृहस्थांना मण्यार आणि कवड्या यांतला फरक समजावला. मण्यार निळसर काळी, तिचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पायाखाली आला तर आधी शेपूट बघायची की मान? मी चहा अर्धा टाकून उठलो.

ताईकडे नाचणीची भाकरी नि सुकट खाऊन हात धुतो न धुतो, तोच भावोजी मला परसात घेऊन गेले. घराचा राखणदार (वास्तू सांभाळणारा साप) म्हणे लाकडांच्या ढिगात मुक्कामाला आला होता. बंबासाठी रोज सकाळी त्याच ढिगात ताईचा हात जायचा.

वाकून पाहिलं. जाड तपकिरी अंग, पाठीवर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरसारखा फुत्कार. मी चार पावलं मागे सरलो.

"भावोजी, ही घोणस आहे. जहाल विषारी."

"नाय वो पावणं, धामण हाय. आज्यापासून हाय. घरच्यांना काय करत नाय."

धामणीला असे ठिपके नसतात, मी म्हणालो. म्हातारपणी सगळ्यांनाच येतात, ते म्हणाले. ताईनं आधीच सांगून पाहिलं होतं, पण राखणदाराला हाकललं की घर बसतं, हे भावोजींच्या डोक्यात पक्कं.

शेवटी मी शिबिर गुंडाळलं आणि गाऱ्हाण्याचा (देवाला घालायच्या विनवणीचा) मार्ग धरला. हाकलायचं नाही, मानानं डोंगरात बदली मागायची. भावोजींची सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली, बदली त्यांना लगेच पटली. महाडहून सर्पमित्र आला. तो आकड्यानं घोणस बरणीत घालत होता, भावोजी नारळ धरून गाऱ्हाणं घालत होते आणि मी परसाच्या पार दुसऱ्या टोकाहून "होय महाराजा" म्हणत होतो. वनखात्याला कळवून त्यानं ती रानात सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या गडबडीत होतो. परसात भावोजी ढिगापाशी काठी घेऊन बसलेले. एकेक लाकूड ठोकून, उलटंपालटं करून ताईच्या हातात देत होते. ताई संकोचून म्हणाली, "अहो, मी काढते ना."

"थांब गो. आता घराला राखणदार नाय. मलाच बसाया होवं."

ताईनं तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. माझाही जीव भांड्यात पडला.

घरी परतल्यावर घोणशीची गोष्ट मी सोसायटीत तिखटमीठ लावून सांगतो. ताईचा फोन आला की मात्र सापांचं काही विचारत नाही. भावोजी घरी आहेत ना, एवढंच विचारतो.