न धुतलेलं अंगडं

हातात काहीही दिलं की आबा ते आधी नाकाशी नेत. चहाची बशी, औषधाची गोळी, एसटीचं तिकीट, कोऱ्या धोतराची घडी. वास घेताना मान एका बाजूला कलायची, एक डोळा बारीक व्हायचा आणि मग निकाल लागायचा. "चालतंय." नाहीतर, "न्हाय चालत." त्यावर अपील नसे.

डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आबांचं तसं होणं साहजिकच होतं. अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. पुढे इंदापूरकडच्या त्यांच्या वस्तीवर पाणी आलं, ऊस आला, कळप विकला गेला आणि चार मेंढरं तेवढी हौसेखातर दारात राहिली. मुलगा लोणी देवकरला एका कंपनीत मशीनवर लागला. बायको कधीच वारलेली. घरात हे दोघंच.

मी तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या उत्तरार्धात, बारामतीत एका लॅबमध्ये होते. काटेवाडीहून रोज जाऊन-येऊन. आबा खोकल्यासाठी डॉक्टरकडे यायचे आणि तपासणीला माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टी बांधली आणि स्पिरिटचा बोळा पुढे केला. तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला आणि हुंगला.

"बाई, ही तर गावठीच हाय की."

"आबा, हे प्यायचं नाही, पुसायचं आहे."

"चांगला माल पुसून नासता व्हय?"

मी त्या दिवशी आधीच कुणाकुणावर चिडलेली होते. तरी हसू आलं.

आबांच्या ओळखीमुळेच पुढचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. पुण्याहून एक संशोधक डॉक्टर आमच्या लॅबमध्ये आले. रक्तातल्या आनुवंशिक खुणा तपासून कोणता समाज कुठून आला, कुणात मिसळला, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांना मेंढपाळ घराण्यांतल्या माणसांचं रक्त हवं होतं. पण वस्तीवर परक्या माणसासमोर दंड पुढे कोण करणार? मी आबांकडे बोट दाखवलं. आबांनी डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड हुंगलं, "चालतंय" म्हणाले आणि रविवारी अख्खी वस्ती देवळापुढच्या मांडवात आणून बसवली. रक्त काढायला मी होतेच.

डॉक्टर हौसेनं समजावून सांगत होते. आईकडून आलेली एक खूण सगळ्या लेकरांत उतरते. बापाकडची एक खूण फक्त मुलग्यांत उतरते, बहुतेक जशीच्या तशी. त्या खुणांचा माग काढत गेलं की शेकडो पिढ्यांपूर्वीचे पूर्वज कुठले होते याचा अंदाज लागतो. एकाच रक्ताची माणसं पुन्हा पुन्हा नकोत, म्हणून एका घरातून एकच माणूस घ्यायचा, असा त्यांचा नियम होता.

आबांचा मुलगा पहिल्याच रांगेत बसला होता. चौकस पोरगा. त्यानं विचारलं, "सायेब, आमचं आमाला कळवनार का?"

"नावं आम्ही कुठे सांगत नाही. पण तुला हवं असेल तर तुझं तुला कळवीन," डॉक्टर म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं. "खरं म्हणजे तू आणि आबा, दोघांचं द्या. बापलेकाची खूण जुळते का बघितलं की आमचं काम बरोबर चाललंय की नाही ते आम्हालाच कळेल."

"आन् न्हाय जुळली तर?" आबांनी विचारलं.

मांडवात हशा पिकला. डॉक्टरही हसले. "बापलेकाची न जुळून कसं चालेल, आबा?"

आबा हसले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मला खुणेनं देवळामागे बोलावलं. तिथं त्यांची मेंढरं बांधलेली होती.

"त्याचं रगत घिऊ नका, बाई."

"का? बरं नाही का त्याला?"

आबा एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसरं एखादं पोरकं असलं, तर काय करत्यात ठावं हाय? मेल्याल्याचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधत्यात. मेंढी हुंगती. आपलाच वास म्हनती. मंग पाजती."

मांडवातून डॉक्टर मला हाका मारत होते. मी वैतागून म्हटलं, "आबा, लोक खोळंबलेत."

"मी तसंच केलंय," आबा म्हणाले.

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आबा खाली बघत भराभर सांगत होते. कळप घेऊन लांब मुलखात गेले असताना त्यांचं पहिलं मूल जन्मलं आणि आठवड्याच्या आत गेलं. बायको खुळ्यासारखी झाली. त्याच मुक्कामाजवळ रस्त्याच्या कामावरची एक बाई बाळंत होऊन मेली. तिच्यामागे कुणी नव्हतं. लेकरू रडत होतं.

"आमच्या पोराचं आंगडं घातलं त्याला. न धुता. आन् हिच्या कुशीत दिलं."

"त्यांना कळलं नाही?"

"कळलं की. बाईमानूस हाय, मेंढी न्हाय. पर तिनं हुंगलं. लई येळ हुंगलं. आन् पदराखाली घेतलं." आबांनी तोंडावरून हात फिरवला. "वस्तीवर परत आलो तवा त्यो रांगत व्हता. कुनी इचारलं न्हाय, आमी सांगितलं न्हाय. त्यालाबी ठावं न्हाय. त्याची आय तीच आन् बाप मीच. पर तुमच्या मशिनीला ते पटायचं न्हाय."

आम्ही मांडवात आलो, तर मुलगा बाही वर करून खुर्चीत बसलेला. दंडाला पट्टीसुद्धा त्यानं स्वतःच गुंडाळून ठेवली होती.

"ऊठ," आबा म्हणाले.

"का?"

"घरातला थोरला मी हाय. माझं घेतील."

"तुमचंबी घेतील आन् माझंबी. सायेब दोगांचं म्हनलेत."

"एका घरात एक ठरलंय. एकच."

मुलगा उभा राहिला. कानापर्यंत लाल झाला होता. "देवळात मान तुमचा, पंचात मान तुमचा. आता रक्तातबी तुमचाच व्हय, आबा?"

सगळी वस्ती बघत होती. आबांनी मान वर केली नाही. "व्हय," ते म्हणाले. "माझाच."

डॉक्टरांना हा मानापमानाचा खेळ वाटला. ते मला म्हणाले, "तुम्ही घ्या हो दोघांचं. मी बघतो." आता सगळे माझ्याकडे बघू लागले. माझी जीभ एरवीही तिखटच आहे, त्या दिवशी ती उपयोगी पडली. "सर, नियम तुम्ही घातलात. आबांच्या घरी दोन घेतले की प्रत्येक घर दोन-दोन माणसं बसवणार. तेवढ्या नळ्या आणल्यात का आपण?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, पण ते नळ्या मोजू लागले. मुलानं पट्टी ओढून काढली, माझ्यापुढे टाकली आणि तो चालता झाला.

आबा खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी बोळा हुंगला नाही.

पुढे बरेच दिवस मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता, हे मला आबांकडूनच कळलं. लॅबमध्ये आले की ते आधी दारातून आत डोकवायचे. पुण्याचा कुणी आहे का, ते बघायचे. मग हळूच विचारायचे, "त्यो गेला न्हाय न्हवं परस्पर त्या डाक्टरकडं?" मी नाही म्हणायचे. मला तरी काय ठाऊक असणार! एकदा डॉक्टरांचा लॅबमध्ये फोन आला होता. आयांकडच्या खुणा एकाच वस्तीत कितीतरी तऱ्हांच्या निघतात, असं ते सहज बोलता बोलता म्हणाले. मी ते आबांना सांगितलं.

"म्हंजी आया समद्या लांबलांबनं आल्याल्या?"

"बऱ्याचशा."

आबांनी मान कलती केली. "चालतंय," म्हणाले. त्या दिवशी खोकला असूनही ते चालत स्टँडवर गेले.

मग आबा येईनासे झाले. आणि एका दुपारी त्यांचा मुलगा लॅबच्या दारात उभा राहिला. डोक्याचं मुंडण केलेलं, केस नुकते कुठे उगवू लागलेले. मला विचारावं लागलं नाही.

तो स्टुलावर बसला. "ताई, आबांनी सांगितलं मला. जायच्या आदी. समदं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"म्हनून मला खुर्चीतनं उठवलं. आन् मी त्यांना मान मान म्हनून चारचौघांत बोललो. त्यांनी सांगायचं तरी व्हतं."

मलाही तेच वाटत होतं, आणि नव्हतंही. त्यानं बाही वर केली. "माझं रगत काढा. पुन्याच्या सायबाकडं पाठवा. मी कुनाचा ते मला बघायचंय."

"तुझ्या आईचं नाव यातून कळणार नाही रे. फार फार मागचा माग कळेल."

"कायतरी कळंल की."

त्याचा हक्कच होता. मी दंडाला पट्टी बांधली, शीर बोटानं चाचपली, बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि नाकाशी नेला. मान एका बाजूला कलली. एक डोळा बारीक झाला.

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मी का थांबले म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं, मग नाकाशी धरलेल्या स्वतःच्या हाताकडे. त्याचे डोळे भरून आले. बाहेर स्टँडवर दौंडची गाडी पुकारत होते. ती सुटून गेली तरी आम्ही दोघं तसेच बसलेलो.

"न्हाय चालत," तो म्हणाला. "सोडा पट्टी, ताई."

मी पट्टी सोडली.