पडद्यामागची रेकॉर्ड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या विलासला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय म्हणून मी विरघळलोय असं समजू नका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमची दोन खोल्यांची जागा होती. रविवारी दुपारी आम्ही चार मित्र तिथे रेकॉर्डी ऐकायला जमायचो — गिटार घेऊन स्वतः लिहिलेली गाणी स्वतःच गाणाऱ्या परदेशी गायकांच्या. शब्द निम्मे कळायचे नाहीत, पण वेड लागायला शब्द कळावे लागतात का? विलास माझ्याच बँकेत, माझ्या शेजारच्या काउंटरवर. त्याचे कान विलक्षण. गायकाने श्वास कुठे घेतला, तेसुद्धा तो सांगायचा. मला त्याचा हेवा वाटायचा का? — हो. वाटायचा. आडवळणाने कशाला सांगू?

त्या वर्षी मस्कतच्या मामाने माझ्यासाठी एका जुन्या, गाजलेल्या अल्बमची नवी आवृत्ती आणली. खास शौकिनांसाठी मूळ टेपवरून पुन्हा काढलेली, जाडजूड, नुसती हातात धरली तरी रुबाब वाटावा अशी. मी तिच्याबद्दल भरपूर फुशारक्या मारल्या. विलासकडे त्याच अल्बमची जुनी रेकॉर्ड होती — तळहातावरच्या फोडासारखी जपलेली, एक चरा नाही. मग ठरलं, दोन्हींची परीक्षा घ्यायची.

आमची पद्धत अशी: प्लेअर आतल्या खोलीत, स्पीकर बाहेर, मध्ये पडदा. आत एकानेच जायचं, दोन्ही रेकॉर्डींवरचं एकच गाणं पाठोपाठ लावायचं, आणि कुठली कोणती ते बाहेरच्यांनी ओळखायचं. आतल्याचा शब्द शेवटचा. पडदा सरकवून बघायचं नाही — असा नियम कुणी केला नव्हता, पण बघणं म्हणजे मित्राला चोर म्हणणं. जो चुकेल त्याने सगळ्यांसमोर कान धरायचे.

त्या दिवशी विलास इतरांच्या आधीच आला. अंधेरीच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत त्याला मदतनीस म्हणून बोलावलं होतं आणि दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. घरी त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त मला.

“आज कान बरोबर निघाले ना, तर उद्या राजीनामा टाकतो यार,” तो म्हणाला. “नाहीतर बँक आहेच.”

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला सगळं माहीत होतं.

बाकीचे दोघे आले, मी आत गेलो. आधी जुनी लावली, मग नवी. दुसऱ्या रेकॉर्डवरचं गाणं संपायच्या आत बाहेरून त्याचा आवाज आला, “पहिली माझी! दुसरी घासूनपुसून चकाचक केलीय रे, पण गाणारा माणूस कुठे गेला?”

बरोबर होतं. मलाही तसंच ऐकू आलं होतं.

मी पडद्याबाहेर आलो आणि म्हणालो, “उलट. पहिली नवी होती.”

तोंडातून निसटलं? — नाही. मामाच्या रेकॉर्डची अब्रू राखायची होती? — तीही नाही. मला तो काउंटरवरच हवा होता. हा अंधेरीला जाऊन नाव काढणार आणि मी पासबुकं भरत बसणार, हे मला सोसणारं नव्हतं. बस्स, एवढंच कारण.

विलासने हसत हसत कान धरले. सगळे हसले, मीही हसलो. सोमवारी तो वेळेवर कामावर हजर झाला आणि दुपारी डबा खाताना म्हणाला, “स्टुडिओवाल्यांना नाही म्हणून कळवलं रे.” मी त्याला माझ्या डब्यातली भाजी दिली. तेव्हा बोलता आलं असतं. पुढेही कितीदा तरी आलं असतं. नाही बोललो.

आता तुम्ही म्हणाल, नाहीतरी त्याचं चांगलंच झालं — बोरिवलीला ब्लॉक झाला, मुली शिकल्या, पेन्शन बसलं. म्हणू नका. ते त्याने कमावलं, त्याचं श्रेय मला देऊ नका. तरुण होतो, असंही म्हणू नका. खोटं बोलतोय हे कळण्याइतका मोठा होतो.

तो निवृत्त झाला तेव्हा बँकेत निरोप समारंभ होता. बोलायला उभा राहिला आणि त्याने तो रविवार सांगितला — सगळ्यांसमोर, अगदी रंगवून. “माझे कान किती कच्चे आहेत, ते ह्याने वेळेवर दाखवलं,” माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. “नाहीतर वाट लागली असती माझी.” टाळ्या वाजल्या. त्याने स्वतःच्या गळ्यातला हार काढला, माझ्याजवळ आला.

मी मान वाकवली आणि हार घालून घेतला.