साहेबांचं उभं पेन

बल्लारपूरच्या जाफरच्या घरी दोन पिढ्या भोंग्यांवर जगल्या. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, माईक त्याच्या बापाचाच. बाप म्हणायचा, "ज्याचा आवाज बारीक, त्याच्यासाठीच तर आपला धंदा हाय." अशा बापाच्या पोरानं २००६ साली गडचिरोलीकडच्या एका सरकारी आरोग्य कचेरीत कंत्राटी नोकरी धरली, आणि तिथे त्याला काम काय मिळालं? तर लोकांचे आवाज बंद करायचं!

दर सोमवारी मुंबईच्या मोठ्या अधिकारी बाई पडद्यावर यायच्या आणि इकडची खबरबात घ्यायच्या. टेबलावर माईक दोन. एक कचेरीच्या गुणवंतराव साहेबांचा, दुसरा गावाकडून बोलावलेल्या माणसांचा. दोन्हींची बटणं जाफरच्या हाताखाली. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मी पेन उभं धरलं का दुसरा माईक म्यूट. कोणी विचारलं तर सांगायचं, लाइन खराब हाय." पडद्याकडे पाहून गोड हसायचं आणि खाली पेन उभं करायचं, असला हा माणूस. त्याला शिव्या द्याव्यात तर आपलीच जीभ विटाळते. जाफरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण घरी खाणारी पाच तोंडं होती. तो बटण दाबायचा.

श्रावणात बायनाबाई आली. आत जंगलातल्या एका पाड्यावर ती घरोघर औषधं वाटायची. "घराघरात हिवताप हाय, गोळ्यांचा डबा रिकामा हाय," एवढं ती बोलली आणि पेन उभं झालं. बिचारी मेलेल्या माईकपुढे पाच मिनिटं बोलत राहिली. साहेब आपल्या माईकला तोंड लावून हळूच म्हणाले, "लाइन खराब हाय, मॅडम. बाई आभार मानून राह्यली."

जाताना तिनं विचारलं, "आवाज गेला ना, भाऊ?"

"गेला, बाई," जाफर म्हणाला.

महिन्यानं ती पुन्हा आली. दारातच जाफरला म्हणाली, "मुंबईच्या बाईले एवढं सांगतलं, तरी गोळ्या नाई आल्या. पाड्यावरची दोन लेकरं गेली आमची. काळीज नाई का त्या बाईले?"

जाफरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांवरची होती, त्याहून जास्त स्वतःवरची.

बैठक सुरू झाली. बायनाबाईनं तोंड उघडलं, पेन उभं झालं. जाफरनं बटण दाबलं, पण साहेबांचं. साहेब नेहमीचं प्रवचन झोडत होते आणि मुंबईला ऐकू जात होती एकटी बायनाबाई. मेलेल्या लेकरांची नावं, वयं, रिकामा डबा, सगळं. पडद्यावरच्या बाईंचा चेहरा उतरला. आज संध्याकाळच्या आत गोळ्या पाड्याकडे निघाल्या पाहिजेत, असा त्यांनी हुकूमच सोडला. साहेब माईक ठोकत होते.

"ए जाफर! माहा आवाज काऊन बंद हाय?"

"लाइन खराब हाय, साहेब."

नोकरी तासाभरात गेली. पिशवी घेऊन जाफर बसस्टँडवर आला, तर बाकड्यावर बायनाबाई. आज तिचा चेहरा खुलला होता. सरकून तिनं जागा दिली.

"या बारीले आवाज बराबर गेला, भाऊ. मागच्या बारीले का झालं होतं का मालूम!"

लाइन खराब होती म्हणून मोकळं होता आलं असतं. जाफर तिच्या शेजारी बसला.

"मागच्या बारीले गेलाच नव्हता, बाई. मीच बंद केला होता."

बायनाबाई बाकड्यावरून उठली. मग आपली पिशवी उचलून ती दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली.